सिलिगुडी आणि आजूबाजूच्या बॉर्डर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही सिलिगुडीत राहतोय. दर एप्रिल-मे आणि दिवाळीच्या सुट्टीत पुणे, सांगली, नाशिककडून फोन सुरू होतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. दार्जिलिंग-सिक्कीम बघताबघता नेपाळ किंवा भूतानलाही पाय लावून यावं असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे आहे.

सिलिगुडीहून नक्की किती देश जवळ आहेत?

तीन. नेपाळची पानीटंकी बॉर्डर साधारण पस्तीस किलोमीटर, बांगलादेशची फुलबाडी बॉर्डर तर शहराला जवळजवळ लागूनच, आणि भूतानच्या सीमेवरचं आपलं जयगाव दीडशे-एकशे साठ किलोमीटर. चीनची हद्द सिक्कीममधल्या नथुला खिंडीत आहे, पण तिथे फक्त बघून परत यायचं असतं. नकाशात भारताचा जो बारीक गळा दिसतो, ज्याला सगळे चिकन्स नेक म्हणतात, तो हाच भाग. सगळ्यात अरुंद ठिकाणी तो वीस-बावीस किलोमीटरच आहे. अंतर कमी असलं तरी तिन्ही बॉर्डरचे नियम एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत हे मात्र पहिल्यांदा डोक्यात पक्कं बसवा, कारण लोक नेमके इथेच फसतात, नेपाळला चाललं म्हणून भूतानलाही चालेल असं धरून चालतात.

आधार कार्ड चालतं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर आहे, नाही, आधारच्या भरवशावर निघू नका. नेपाळ आणि भूतान दोन्हीकडे भारतीयांना व्हिसा लागत नाही हे खरं, पण ओळख म्हणून पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड लागतं, तेही ओरिजिनल, झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो नाही. नेपाळसाठी १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या लोकांना सूट आहे, त्यांना आधार किंवा फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र चालतं. १५ ते १८ मधल्या मुलांकडे पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरलेल्या नमुन्यातलं ओळखीचं पत्र घ्या.

दोन वर्षांपूर्वी ओळखीतले एक काका-काकू आले होते, दोघंही साठीच्या आसपास. मतदार कार्ड घरी कपाटात, पासपोर्ट कधी काढलेलाच नाही, आणि जयगावपर्यंत पोचल्यावर हे कळलं. भूतानचं सगळं बुकिंग झालेलं. काकू भूतानच्या गेटच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा आतले कप्पे तपासत होत्या, जणू कार्ड तिथून निघेलच. शेवटी ते दोघं माघारी आले आणि आम्ही त्यांना लाटागुडीच्या जंगलात फिरवलं. ते चित्र माझ्या डोळ्यासमोरून जात नाही म्हणून इतकं घोळवून सांगतेय. तिकीट काढायच्या आधी घरातल्या प्रत्येकाचं कार्ड हातात घेऊन बघा, नाव बरोबर आहे का, फोटो ओळखू येतो का, लग्नानंतर नाव बदललंय तर कार्डावर कुठलं आहे आणि बुकिंगवर कुठलं.

लहान मुलांसाठी काय न्यायचं?

पासपोर्ट असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर भूतानसाठी जन्माचा दाखला लागतो, इंग्रजीत असलेला. आपल्याकडचे नवे दाखले मराठी-इंग्रजी दोन्हीत असतात, पण जुने, विशेषतः ग्रामपंचायतीचे, नुसते मराठीत असतात, तसा असेल तर निघायच्या आधी इंग्रजीतला काढून घ्या. मूल आजी-आजोबांबरोबर किंवा मावशीबरोबर चाललंय आणि आईबाप सोबत नाहीत, तर आईवडिलांचं संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवा.

मुंबई-पुण्याहून यायचं कसं?

मुंबईहून सिलिगुडीजवळच्या बागडोगराला थेट विमान आहे, साधारण तीन तास. बागडोगरा हे हवाई दलाचं धावपट्टीवालं विमानतळ आहे त्यामुळे उतरल्यावर बाहेर फोटो काढत बसू नका. डिसेंबर-जानेवारीत धुकं पडतं, फ्लाइट लेट होतात, त्या दिवसात त्याच संध्याकाळची पुढची गाडी किंवा बॉर्डर ठरवू नका. रेल्वेने यायचं तर एलटीटीहून गुवाहाटी-कामाख्याकडे जाणाऱ्या गाड्या न्यू जलपाईगुडीला थांबतात, दोन रात्री गाडीत जातात. स्टेशनला इथे सगळे एनजेपी म्हणतात. सिलिगुडी जंक्शन आणि सिलिगुडी टाऊन ही वेगळी स्टेशनं आहेत, तिकीट काढताना नीट बघा.

शहरात फिरायला काय मिळतं?

टोटो, म्हणजे बॅटरी रिक्षा. बसायच्या आधी भाडं ठरवा. डोंगरात जाणाऱ्या शेअर जीप एनजेपीहून, सिलिगुडी जंक्शनजवळून आणि पानीटंकी मोडवरून सुटतात. पूर्ण गाडी हवी असेल तर इथे "रिझर्व" असा शब्द आहे, "रिझर्व कितना" असं विचारलं की काम होतं. हिंदी सगळ्यांना येते, पण नेपाळी ड्रायव्हरला दाजू आणि दुकानदार बाईला दिदी म्हटलंत तर बोलणंच बदलतं, हा माझा रोजचा अनुभव आहे.

एक गोष्ट इथेच सांगते. पानीटंकी मोड हा सिलिगुडी शहरातला चौक आहे आणि पानीटंकी बॉर्डर नक्षलबाडीच्या पुढे आहे. नुसतं "पानीटंकी" म्हटलं तर टोटोवाला तुम्हाला चौकात सोडून जाईल. "नेपाल बॉर्डर, काकरभिट्टा" असं पूर्ण सांगा, काकरभिट्टा म्हणजे सीमेपलीकडचं नेपाळचं गाव.

नेपाळला एका दिवसात जाऊन येता येईल का?

हो, आणि जरूर जा. तेनझिंग नोर्गे बस टर्मिनस सिलिगुडी जंक्शनच्या बाजूलाच आहे, तिथून किंवा शेअर गाडीने बागडोगरा, नक्षलबाडी करत पानीटंकीला तासा-सव्वातासात पोचता. मग मेची नदीचा पूल. टोटोने जाता येतं पण मी नेहमी चालत जाते. थंडीच्या दिवसात नदीत पाणी थोडं आणि गोटेच गोटे, खाली कुठे बाया कपडे धुतायत, पुलावर वारा इतका की ओढणी सांभाळत चालावं लागतं, आणि शेजारून माणसं तांदळाची पोती, गाद्या, कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन अशी जात असतात जशी आपण गावातल्या गावात बाजाराला जातो. आपल्या बाजूला एसएसबीचे, म्हणजे सशस्त्र सीमा बलाचे, जवान असतात, पिशवी उघडायला सांगतील, कुठून आलात विचारतील, शांतपणे उत्तर द्या, कार्ड दाखवा. पलीकडे पोचलात की काकरभिट्टा.

दिवसभरासाठी आलात तर इलामकडे गाडी करून कन्यामचे चहाचे मळे बघून या. पण सकाळी सात-साडेसातला सिलिगुडी सोडलीत तरच हे जमेल, आणि अंधार पडायच्या आत पूल ओलांडून परत या.

काठमांडूला जायचं असेल तर काकरभिट्ट्याहून रात्रीच्या बस आहेत, पण साडेचारशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे, वयस्कर माणसं बरोबर असतील तर माझं ऐका आणि नेपाळमधल्याच भद्रपूरहून विमान घ्या, पाऊण तासात पोचता. नेपाळच्या देशांतर्गत विमानात भारतीयांसाठी वेगळं भाडं असतं, परदेशी लोकांपेक्षा कमी, बुकिंग करताना राष्ट्रीयत्व बरोबर भरा.

नेपाळमध्ये पैशाचं काय करायचं?

भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, हा दर ठरलेला आहे. बॉर्डरच्या गावात आपले रुपये सर्रास घेतात, पण शंभराच्या नोटा न्या. नेपाळने २०१८ च्या डिसेंबरमध्ये १०० च्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, आणि पुढे नियम कितीही सरकले तरी शंभराच्या नोटेवर कुणी वाद घालत नाही. २०२४ पासून नेपाळमध्ये बऱ्याच दुकानांत क्यूआरवर आपलं यूपीआयही चालतं, तरी सगळी भिस्त त्यावर ठेवू नका कारण नेपाळमध्ये शिरलं की आपलं सिम बंद. दोन-चार दिवस राहणार असाल तर काकरभिट्ट्यालाच एनसेल किंवा नेपाळ टेलिकॉमचं सिम घ्या, पासपोर्ट साइज फोटो बरोबर ठेवा.

किंमत विचारताना "आयसी की एनसी" असं नक्की विचारा. आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. आठशेची शाल आठशे नेपाळी असेल तर आपले पाचशेच होतात, हा फरक लहान नाही.

घड्याळ आणि तारीख?

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, भूतान आणि बांगलादेशचं अर्धा तास पुढे. बस त्यांच्या वेळेने सुटते. नेपाळमध्ये विक्रम संवत चालतो, त्यामुळे तिकिटावर किंवा हॉटेलच्या पावतीवर साल २०८० च्या पुढचं दिसेल, ती चूक नाही, फक्त काउंटरवरच्या माणसाकडून आपली इंग्रजी तारीख बोलून पक्की करून घ्या. शनिवारी तिथे सुट्टी असते, बँक-ऑफिसचं काम असेल तर तो दिवस टाळा.

आपली गाडी घेऊन नेपाळला जाता येतं?

येतं. काकरभिट्ट्याला भन्सार ऑफिसात, म्हणजे कस्टममध्ये, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांची फी भरून पावती घ्यायची. आरसी बुक, लायसन्स, इन्शुरन्स ओरिजिनल लागतं. दिवस थोडे जास्तच लिहा, कारण मुदत संपल्यावर गाडी आत राहिली तर दंड बसतो.

पशुपतीनगर काय आहे?

मिरिकहून दार्जिलिंगला जाताना सीमानाच्या जवळ नेपाळचा एक छोटा बाजार लागतो. ओळखपत्र दाखवून भारतीयांना जाता येतं. जॅकेट, बूट, ब्लँकेट वगैरे मिळतं. खास त्यासाठी जावं असं काही नाही, वाटेत आहे म्हणून तासभर थांबा. परदेशी पासपोर्टवाल्यांना इथून सोडत नाहीत. आणि सिलिगुडी-मिरिक रस्त्याची चौकशी करून निघा, ऑक्टोबर २०२५ च्या अतिवृष्टीत दुधियाचा जुना लोखंडी पूल पडला होता.

संदकफूचा ट्रेक करणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवा, मानेभंजनपासून ती वाट सीमेच्या कडेकडेनेच जाते, तुमलिंगला जिथे बहुतेक जण मुक्काम करतात ते गाव नेपाळमध्ये आहे. म्हणजे मतदार कार्ड ट्रेकच्या सॅकमध्येही हवंच.

भूतानला कसं जायचं आणि खर्च किती?

सिलिगुडीहून जयगावला बस आहेत, रिझर्व गाडी आहे, चार तास धरा. पण माझी शिफारस रेल्वेची. अलिपूरद्वारकडे जाणारी डुआर्सची, म्हणजे डोंगरपायथ्याच्या पट्ट्यातली, लाइन पकडा आणि हासीमाराला उतरा, तिथून जयगाव वीस किलोमीटरच्या आत आहे. ही गाडी महानंदा अभयारण्यातून जाते, सेवकला तिस्ता ओलांडते, मग चहाचे मळे आणि साल वृक्षांचं जंगल. हत्ती रुळावर येतात म्हणून जंगलात गाडीचा वेग कमी ठेवतात आणि त्या हळू वेगामुळेच खिडकीतून नीट बघता येतं. डावीकडची खिडकी मिळाली तर डोंगर दिसत राहतात.

आपलं जयगाव आणि भूतानचं फुंतशोलिंग ही एकमेकांना चिकटलेली गावं आहेत, मध्ये गेट. भूतानमध्ये एसडीएफ, म्हणजे पर्यटकांकडून घेतलं जाणारं शाश्वत विकास शुल्क, नावाची फी आहे, भारतीयांना दर माणशी दर रात्री १२०० रुपये, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मी, ६ च्या खाली नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये भूतान पुन्हा उघडलं तेव्हापासून ही आहे. चौघांचं कुटुंब पाच रात्री राहिलं आणि मुलं मोठी असतील तर नुसते २४,००० रुपये त्यातच जातात, हॉटेल-गाडी वेगळी. हे आधी मनात धरूनच ठरवा. मला विचाराल तर तो पैसा वाया जात नाही, पारोच्या खोऱ्यात सकाळी उभं राहिलं की कळतं गर्दी नसणं म्हणजे काय, पण बजेट घट्ट असेल तर दिवस कमी करा आणि हिंडण्याची घाई करू नका.

परमिटसाठी ऑनलाइन अर्ज आधीच करून ठेवा आणि फुंतशोलिंगला सकाळीच पोचा म्हणजे काही कागद कमी पडला तरी दिवस हातात राहतो. पासपोर्ट असेल तर मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. फुंतशोलिंग ते थिम्पू दीडशे किलोमीटर, घाट रस्ता, पाच तास. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी.

नोटा आपल्या चालतात, एक ङुल्ट्रम म्हणजे एक रुपया. उरलेले ङुल्ट्रम मात्र जयगावलाच संपवा, पुढे कुणी घेत नाही.

फक्त फुंतशोलिंग बघून संध्याकाळी परत यायचं असेल तर?

एसडीएफ रात्रीवर असते, त्यामुळे त्याच दिवशी परतलात तर तो भार नाही. ओळखपत्र मात्र तेच, पासपोर्ट किंवा मतदार कार्ड. गावातल्या छोट्या देवळाभोवती म्हातारी माणसं प्रार्थनाचक्र फिरवत बसलेली असतात, तिथे थोडा वेळ शांत बसा, कॅमेरा आत ठेवा.

मुलगा-सून अमेरिकेत आहेत, पासपोर्ट तिकडचा आहे, त्यांना आमच्याबरोबर येता येईल का?

येईल, पण त्यांचे नियम वेगळे, आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड, असलं तरी बॉर्डरवर ते परदेशी नागरिकच. नेपाळसाठी पानीटंकीला भारताच्या इमिग्रेशन ऑफिसात आधी बाहेर पडल्याचा शिक्का मारून घ्यायचा. आपण सगळे चालत पूल ओलांडत असतो, कुणी थांबवत नाही, ऑफिस पटकन दिसतही नाही, आणि ते तसेच पुढे गेले तर परतताना मोठी अडचण होते. पलीकडे काकरभिट्ट्याला नेपाळचा व्हिसा मिळतो, १५ दिवसांचे ३० डॉलर, ३० दिवसांचे ५०. डॉलर रोख ठेवा. ते ई-व्हिसावर भारतात आले असतील तर रस्त्याने परत भारतात शिरण्याच्या आधी व्हिसाचे नियम नीट बघा, ई-व्हिसाचा प्रवेश ठरावीक ठिकाणांवरूनच होतो. ओसीआय असेल तर ही काळजी नाही.

भूतानला त्यांना व्हिसा लागतो आणि एसडीएफ रात्रीला १०० डॉलर. सिक्कीमला परवाना लागतो, तो सिक्कीमच्या वेशीवरच्या रंगपोला फुकट मिळतो. नथुलाला त्यांना सोडतच नाहीत, हे घरातल्या नातवंडांना आधीच सांगून ठेवा, आयत्या वेळी फार वाईट वाटतं.

नथुलाचं परमिट?

आपल्याला सिक्कीममध्ये शिरायला परमिट लागत नाही, नथुलाला लागतं. गंगटोकच्या नोंदणीकृत एजंटकडे आदल्या दिवशी फोटो आणि ओळखपत्र द्यायचं, पॅन कार्ड चालत नाही. सोमवार-मंगळवार बंद असतं, म्हणून गंगटोकचे दिवस ठरवताना हे दोन वार आधी कॅलेंडरवर खोडा. उंची १४,००० फुटांच्या वर आहे, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नये, अगदी लहान बाळाला तर नेऊच नका.

बांगलादेशला जाता येईल?

त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही लागतात, आणि व्हिसावर ज्या नाक्याचं नाव आहे तिथूनच जायचं, फुलबाडी-बांगलाबांधा किंवा चांगडाबांधा-बुडीमारी. एनजेपीहून ढाक्याला मिताली एक्सप्रेस २०२२ च्या जूनमध्ये सुरू झाली होती, जुलै २०२४ पासून ती बंद पडली. सहज म्हणून करायची ही ट्रिप नाही, काम किंवा नातं असेल तरच.

सीमा नुसती समजून घ्यायची असेल तर मेखलीगंजजवळ तीन बिघा बघा. भारताच्या जमिनीतून बांगलादेशची माणसं त्यांच्याच देशाच्या दुसऱ्या तुकड्यात ये-जा करतात, २०११ पासून ही वाट चोवीस तास उघडी आहे. एक साधा रस्ता, सायकलवरून शाळेची मुलं जातायत, आणि दोन्हीकडे पहारा. मी तिथे अर्धा तास नुसती उभी होते.

कुठल्या महिन्यात यावं?

ऑक्टोबर शेवट ते डिसेंबर सुरुवात, किंवा मार्च-एप्रिल. जून ते सप्टेंबर टाळा, सिक्कीमचा एनएच १० दरडींनी बंद होतो आणि मग गंगटोकचे चार तास आठ-नऊ होतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तिस्तेला पूर आला तेव्हा हाच रस्ता जागोजागी वाहून गेला होता. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री सिलिगुडीतच मुक्काम करा, डोंगरातून थेट विमानतळ गाठायचा हिशोब ठेवू नका.

बॉर्डर अचानक बंद होते का?

होते. निवडणुकीच्या आधी दोन-तीन दिवस सीमा बंद ठेवतात, आपल्याकडची असो की नेपाळची. निघायच्या आठवडाभर आधी हॉटेलवाल्याला किंवा ड्रायव्हरला फोन करून विचारा, त्यांना सगळ्यात आधी कळतं.

परतताना काय आणू नये?

खुकरी घेतलीत तर चेक-इन बॅगेत टाका, हँडबॅगेत राहिली तर विमानतळावर सोडून द्यावी लागते. चहा हवा तेवढा आणा, सिलिगुडीत दुकानात वास घेऊन, थोडा करून पिऊन मगच घ्या, फर्स्ट फ्लश, म्हणजे वर्षातल्या पहिल्या खुडणीचा चहा, हवा असेल तर मार्च-एप्रिलनंतरचा नवा माल मागा. सिलिगुडीच्या हाँगकाँग मार्केटमधल्या वस्तू घासाघीस करून घ्या, अर्ध्यापासून सुरुवात केली तरी कुणी रागवत नाही.